हॅरी पॉटर : उसनं किती, स्वतःचं किती?

जादू शिकवणारी निवासी शाळा, परक्या घरी वाढलेला मुलगा, चेहऱ्यावरचा व्रण, पांढऱ्या दाढीचा गुरू. एवढं ऐकलं की हॅरी पॉटर आठवतो. पण हॅरीचं पहिलं पुस्तक १९९७ साली आलं, तेव्हा यातलं काहीच नवं नव्हतं. म्हणून जे. के. रोलिंग यांनी जुन्या अभिजात कादंबऱ्यांवर डल्ला मारला, हा आरोप आजही अधूनमधून डोकं वर काढतो. त्याची नीट शहानिशा व्हायला हवी.

आधी पूर्वसुरी पाहू. थॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज'मध्ये (१८५७) निवासी शाळा, जिवलग मित्र, दांडगाई करणारा फ्लॅशमन आणि आदरणीय मुख्याध्यापक आहेत. टी. एच. व्हाइट यांच्या 'द स्वोर्ड इन द स्टोन'मधल्या (१९३८) वॉर्टला आपण कोण, हेच ठाऊक नसतं. त्याला शिकवणाऱ्या मर्लिनकडे घुबडही आहे. जिल मर्फी यांच्या 'द वर्स्ट विच'मध्ये (१९७४) तर चेटकिणींची शाळा, झाडूवरून उडणं आणि जादुई रसायनं शिकवणाऱ्या कडक बाई, असं सगळंच सापडतं.

सर्वांत जवळचं नाव उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चं (१९६८). गेड हा शेळ्या राखणारा मुलगा रोक बेटावरच्या विद्यालयात जादू शिकतो. त्याच्याही चेहऱ्यावर व्रण आहे. आपली चोरी झाली असं ले ग्विन यांना वाटलं नाही. मात्र रोलिंग यांनी पूर्वसुरींचं ऋण मोकळेपणानं मानायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. पहिल्या पुस्तकाला अपूर्व ठरवणाऱ्या समीक्षकांचंच त्यांना नवल वाटलं. ही तक्रार रास्त आहे.

पण हे दोन व्रण शेजारी ठेवून पाहा. प्रतिस्पर्ध्यावर कुरघोडी करायला गेड मृतात्म्याला बोलावतो, त्यानं पडलेल्या फटीतून एक काळी छाया बाहेर पडते आणि त्याचा चेहरा फाडते. तो व्रण त्याच्या अहंकाराची खूण आहे. हॅरीला तो तान्हेपणी, काहीही अपराध नसताना मिळतो. आईच्या बलिदानामुळे तो वाचतो, पण शत्रूच्या आत्म्याचा एक तुकडा त्याच्यात राहतो. खूण एकच, तरी गेडची कथा स्वतःला ओळखण्याची होते आणि हॅरीची, आईनं केलेला त्याग स्वतःही करायला तयार होण्याची.

रोलिंग यांचं खरं स्वतःचं काम आहे रचनेत. त्यांनी शालेय कादंबरीत रहस्यकथा विणली. पहिल्याच प्रकरणात हॅग्रिड उडत्या मोटरसायकलवरून येतो आणि ती सिरियस ब्लॅकची असल्याचं सहज सांगून जातो. हा सिरियस थेट तिसऱ्या पुस्तकात समोर येतो. दुसऱ्या पुस्तकातल्या डायरीचा पुरता उलगडा सहाव्यात होतो. एक पुस्तक म्हणजे शाळेचं एक वर्ष, असा पाया घेतल्यानं हॅरी, त्याचे वाचक आणि कथेतलं मृत्यूचं सावट, सारंच बरोबरीनं वाढत गेलं. एवढ्या लांब पल्ल्याची ही वीण वरच्या एकाही पुस्तकात नाही.

चोरीचा असाच एक आरोप न्यायालयातही गेला. आपली पात्रं आणि शब्द उचलल्याचा एका अमेरिकन लेखिकेचा दावा २००२ साली न्यूयॉर्कमध्ये फेटाळला गेला. उलट बनावट पुरावे दिल्याबद्दल तिलाच ५०,००० डॉलरचा दंड झाला. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर.

तेव्हा निवाडा सरळ आहे : हॅरी पॉटर चोरी नाही, पण तो ऋणातून मुक्तही नाही. ज्या घरात पॉटरची सातही पुस्तकं वाचून झाली आहेत, तिथं आता 'अर्थसी' आणा. मुलांना दोन्ही वाचू द्या. कुणी काय घेतलं आणि त्याचं काय केलं, हे त्यांचं त्यांना कळेल.