घोडीवर फिरणारी कानस

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारे बदलतात, टाळ हातोहात फिरतात, मध्यरात्र उलटली की मंडपात चारच माणसे उरतात. वीणा मात्र एका गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्या गळ्यात जाते. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात, कुरुंद्यासारख्या गावात, हा नियम कोणाला शिकवावा लागत नाही. मुलूखच कीर्तनाचा आहे. संत नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नर्सी याच जिल्ह्यात, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ फिरले ही कथा इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येते.

देऊळ फिरवणाऱ्या परंपरेत वाद्याच्या प्रकृतीकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. वारकऱ्यांची वीणा ही तंबोऱ्याच्या कामाचीच: राग वाजवायची नाही, सूर धरून ठेवायची. नवी असते तेव्हा एक तार छेडली की भोवती सूर घुमत राहतो. काही वर्षांनी तीच वीणा कोरडी होते, तार वाजते आणि तिथल्या तिथे संपते. टाळ-मृदंगाच्या गजरात श्रोत्यांना याचा पत्ता लागत नाही. गळ्यात वीणा असणाऱ्याला लागतो, कारण त्याच्या कानाला टेकायला काही उरलेले नसते. ‘जवारी गेली’ असे जाणकार म्हणतात. आणि मग नाव निघते मिरजेचे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या गावाचे.

मिरजेचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धनांच्या संस्थानी मिरजेत, फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने सतारी-तंबोरे करायला घेतले. शिकलगारांचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा. इंग्रजी अंमलात तलवारी-भाल्यांची मागणी आटली, दरबारी गवयांची वाद्ये मात्र मोडत होती आणि दुरुस्तीला माणूस हवा होता. घराण्याचे आडनाव पुढे ‘सतारमेकर’ झाले आणि वस्ती सतारमेकर गल्ली. अलीकडच्या बातम्यांतून या कलेला तीनशे वर्षे आणि सात पिढ्या जोडलेल्या दिसतात. सात पिढ्यांना तीनशे वर्षे जरा सैलच होतात. पावणेदोनशेच्या आसपासचा हिशोब जास्त पटतो, आणि तोही काही थोडा नाही.

मिरजेला गिऱ्हाईकही तसेच लाभले. विष्णू दिगंबर पलुस्कर याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले, १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले, आणि त्यांना दफन केले ते मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात. उरुसात तिथे अजून गाणे होते. खाँसाहेबांना वाद्य नुसते वाजवता येत नव्हते, दुरुस्तही करता येत होते. तंबोऱ्याची घोडी ते स्वतः घासत. गवई आणि कारागीर एकाच माणसात असल्याचे हे उदाहरण दुर्मीळ आहे. मिरजेच्या कारागिरांचा कान कशावर तयार झाला, तेही त्यावरून कळते.

आता ती घोडी. तंबोरा म्हटला की नजर आधी भोपळ्यावर जाते, मग दांडीवरच्या नक्षीवर. वाजवणाऱ्याची नजर भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, म्हणजे तबलीवर, चिकटवलेल्या एका लहानशा चौरंगावर असते. त्याचा माथा हाडाचा, तीनेक सेंटिमीटर रुंद, दिसायला सपाट. खरे तर तो सपाट नसतो. तारेच्या दिशेने त्याला अगदी मंद उतार असतो, इतका मंद की डोळ्याला कळू नये. तार त्या उताराला एका जागी टेकून मोकळी होत नाही. ती कंपताना त्याला स्पर्श करत राहते. टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्या घसटीतून मूळ सुराच्या पोटातले वरचे सूर एकेक करून बाहेर पडतात. हीच जवारी.

गिटारशी ताडून पाहिले की हे चटकन उमगते. स्पेनमधल्या आंतोनिओ दे तोर्रेसने (१८१७–१८९२) आजच्या क्लासिकल गिटारचा आकार जवळपास ठरवून टाकला. वाद्याचा आवाज वरच्या पातळ फळीत असतो, हे दाखवायला त्याने १८६२ मध्ये एका गिटारच्या बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची केली. गिटारमध्ये तार हाडाच्या अरुंद कडेवर टेकते आणि तिथेच तिचे कंपन नेमके संपते. सूर स्वच्छ निघावा म्हणून गिटार करणारा जी घसट कटाक्षाने टाळतो, ती तंबोऱ्यात मुद्दाम घडवून आणतात. गिटारच्या कारागिराचा जीव फळीच्या जाडीत आणि तिच्या आतल्या पट्ट्यांत अडकलेला, मिरजेच्या कारागिराचा या हाडाच्या उतारात.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही या उताराने पछाडले होते. १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर ऐकू येऊ नये. तंबोरा आणि वीणेत तो खुशाल ऐकू येत होता. रामन यांनी कारण दाखवले ते घोडीच्या पृष्ठभागाचे, आणि तंबोऱ्याच्या बाबतीत तारेखाली सरकवलेल्या सुताचेही.

हे सूत म्हणजे साधा दोरा. घोडीवर प्रत्येक तारेखाली तो घालतात आणि मागेपुढे सरकवत नेतात. एका जागी तार बंद वाजते, केसभर पुढे ती भणभणते, आणि मध्ये कुठेतरी ती अचानक खुलते. ती जागा सापडली की चार तारा मिळून एक अखंड वर्तुळ होते. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला पहिली तार मध्यमावर उतरवायची, मारवा-पुरियाला निषादावर. खर्जाची तार नीट बोलायला लागली की तिच्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो तारेचा पाचवा उपस्वर. नवख्या विद्यार्थ्याला तो भास वाटतो. काही महिने रियाज झाल्यावर त्याच्याशिवाय त्याचा स्वतःचा गंधार लागत नाही.

म्हणून वाजवणारा तंबोरा विकत घेताना नक्षी बघत नाही. तो बसतो, डोळे मिटतो आणि एकच तार वाजवत राहतो. आस, म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा सूर, किती लांबते? सुरुवातीचा आवाज आणि शेवटचा आवाज एकाच जातीचा आहे का? तारेत ओवलेला मणका सरकवला तर सूर बारीक उतरतो की झटका देतो? खुंटी फिरवली तिथे थांबते की मागे घसरते? पुरुषी आणि बायकी तंबोरे वेगळे, कारण काळी एकची पट्टी आणि काळी पाचची पट्टी एकाच लांबीच्या तारेला मानवत नाही. जवारी किती मोकळी हवी हाही ज्याच्या त्याच्या गळ्याचा प्रश्न. कोणाला खुली, सळसळती लागते, कोणाला गोड आणि मिटलेली. भीमसेन जोशींच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले तंबोरे आठवले तर लक्षात येईल की गाणे सुरू होण्याआधीच सभागृह सुराने भरलेले असे.

जवारी काढणारा माणूस काम कसे करतो, ते पाहताना वेळेचे भान राहत नाही. तो तारा सैल करून बाजूला सारतो आणि घोडीवर कानस फिरवतो. दोन हात, फार तर तीन. मग बारीक पॉलिशपेपर. भुकटी फुंकून टाकायची, तारा जागेवर, सुरात आणायच्या, वाजवायच्या, ऐकायच्या. पुन्हा तारा सैल. एका तारेला जमले की शेजारची रुसते, कारण पितळी खर्ज आणि पोलादी जोड यांचे कंप सारखे नसतात आणि घोडी मात्र एकच. मोजमाप नाही, साचा नाही. जास्त घासले गेले तर हाड परत वाढवता येत नाही; सगळा माथा खाली घेऊन पहिल्यापासून सुरुवात. ज्यांच्या पूर्वजांनी तलवारीच्या पात्यावर हात बसवला, त्यांनीच हे काम उचलावे यात नवल नाही.

बरे, हे काम एकदा करून भागत नाही. रोज वाजणारी तार हाडात चर पाडते. चर पडला की तारेची घसट बिघडते आणि आवाज आधी कर्कश, मग मुका होतो. तंबोरा तयार करणे हे कौशल्य आहेच; पण तो बोलता ठेवणे हे वेगळे आणि कधी न संपणारे काम आहे. वाजवणाऱ्याला कारागीर जन्मात एकदा नव्हे, दर वर्षा-दोन वर्षांनी लागतो.

बाकीच्या अडचणी सामानाच्या आहेत, आणि त्या भोपळ्यापासून सुरू होतात. हा भाजीचा दुध्या नव्हे. त्याच कुळातला, पण कडू आणि जाड सालीचा. मिरजेला तो येतो मंगळवेढे-पंढरपूरकडच्या रानांतून. वेलावर असतानाच तो जमिनीवर नीट बसवावा लागतो, नाहीतर बूड वाकडे येते. अवकाळी पावसात कुजतो. वेलावर पूर्ण वाळेपर्यंत वाट बघायची, आणि बाजारात त्याला सतारमेकर सोडून दुसरे गिऱ्हाईक नाही. पाणी आले की शेतकरी उसाकडे वळतो. टोकाई साखर कारखाना ज्यांच्या गावात आहे त्या कुरुंदेकरांना हे गणित कोणी सांगायला नको.

लाकूड तुनाचे, कर्नाटकातून येणारे. घोडीचा माथा आणि दांडीवरची नक्षी पूर्वी हस्तिदंताची असे. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याची १९८६ ची दुरुस्ती आली, तो व्यापार बंद झाला, आणि व्हायलाच हवा होता. नक्षी प्लॅस्टिकवर आली, कोणाचे काही अडले नाही. घोडीचे अडले. सांबरशिंगावरही निर्बंध आले. आता उंटाचे हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ. कृत्रिम माथा कमी झिजतो, हवामानाला दाद देत नाही. परदेशी दौरे करणारे वादक त्यावर खूष असतात. हाडाच्या आवाजातला गोडवा त्यात नाही असे जुने कान म्हणतात, आणि निदान तंबोऱ्याच्या बाबतीत त्यांच्या बाजूने कौल द्यावासा वाटतो.

त्यात इलेक्ट्रॉनिक तंबोरा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूचे जी. राज नारायण यांनी ही पेटी आणली आणि आता तर ती फोनमध्येच मावली. तिची टिंगल करणे सोपे आहे. पण पहाटे पाचला दहा बाय दहाच्या खोलीत रियाज करणाऱ्या मुलीला, किंवा सप्ताहाच्या मंडपात सूर धरणाऱ्या भजनी मंडळाला, बटण दाबल्यावर मिळणारा न उतरणारा षड्ज हा मोठा आधार आहे. तोटा दुसरीकडे होतो. तंबोरा जुळवताना विद्यार्थी जे अर्धा तास ऐकतो, ती कानाची शाळा सुटते. ज्याने जवारी कधी ऐकली नाही, त्याला ती गेल्याचेही कळणार नाही. मग कानस धरणाऱ्याकडे कोण जाणार?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतच्या हळदीलाही त्याच वर्षी मिळाले, त्यामुळे कुरुंद्याच्या परिसरात या कागदाचे अप्रूप आणि त्याच्या मर्यादा दोन्ही ठाऊक असणार. दुसरीकडे तयार झालेली सतार आता ‘मिरज’ नावाने विकता येणार नाही, हा सरळ फायदा. मानांकनाच्या वेळी मिरजेतून महिन्याला ६० ते ७० सतारी आणि सुमारे १०० तंबोरे तयार होत असल्याचे सांगितले गेले, आणि कारागिरांची संख्या साडेचारशेच्या वर. आकडे वाईट नाहीत. त्यांतले घोडीवर हात बसलेले किती, ही विचारायची गोष्ट आहे. भोपळा घासणारा, दांडी जोडणारा, लाखेचे पॉलिश मारणारा काही वर्षांत तयार होतो. जवारीला हातासोबत कान लागतो, आणि कान तयार होईपर्यंत त्या पोराच्या पोटापाण्याचे काय, याचे उत्तर मानांकनात नाही.

मजुरीचा प्रश्न तर उघड आहे. नव्या तंबोऱ्याला हजारो रुपये मोजणारा गवई जवारीच्या पैशात घासाघीस करतो, कारण त्याला दिसते ते एवढेच की माणसाने दोनदा कानस फिरवली. पूर्वी मैफलींच्या हंगामाआधी वाद्ये मिरजेला जात किंवा मिरजेचे कारागीर मुंबई-पुण्याला येत. शहरात आजही कोणीतरी सापडतो. मराठवाड्यातल्या खेड्यातून एका वीणेसाठी कोण एवढा प्रवास करणार? वीणा कोरडीच वाजत राहते किंवा शेजारी इलेक्ट्रॉनिक पेटी लावली जाते.

संगीताच्या परीक्षांना बसणारी मुले तंबोऱ्याचे भाग पाठ करतात. वहीत आकृती काढायची, भोपळा, तबली, घोडी, मणके, सूत, खुंट्या असे बाण करून नावे द्यायची. नीट काढली की पूर्ण गुण. त्याच परीक्षेत मुक्या झालेला एक तंबोरा समोर ठेवून, फक्त सुताची जागा शोधून दाखवा असे सांगितले, तर किती जण उत्तीर्ण होतील? निदान विशारदच्या मुलांना तरी हे विचारायला हरकत नाही. परीक्षकांची तयारी आधी करून घ्यावी लागेल.