गाठ गेली, जखम राहिली

कॅन्सरची गाठ नीट निघाली, तरी टाके चिघळू शकतात. केमोथेरपीने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. रेडिएशनने बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, मग जखमेला प्राणवायू पुरेसा मिळत नाही. तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर पंचाईतच: चीर थेट लाळेत, म्हणजे जंतूंच्या वस्तीतच. त्यात गिळता येत नसल्याने आधीच कुपोषण.

ऑपरेशननंतर आठवडाभर अँटिबायोटिक हवंच, हा आपला लाडका समज. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची शिफारस वेगळी आहे: संसर्ग टाळण्यासाठीचा डोस चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत द्यावा, नंतर लांबवू नये. आणि ऑपरेशनआधी चिरेच्या जागेचे केस वस्तऱ्याने काढू नयेत! संसर्ग घरी गेल्यावरही उद्भवतो. लाली, पू, ताप दिसला तर हळद न लावता सर्जनला गाठावं.