वीज घरापर्यंत – भाग ६
केबल दोन, पण अर्थिंग निम्मं नाही

मागच्या भागात एका केबलसोबतच्या अर्थिंगचं माप पाहिलं. आता पुढचा प्रश्न. एकाच ब्रेकरखाली दोन केबल समांतर जोडल्या, तर अर्थिंग किती जाड हवं?

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर इब्लूरपासून कार्मेलारामच्या पुढेपर्यंत उंच सोसायट्या उभ्या आहेत. मोठ्या संकुलाला बेस्कॉम या वीज कंपनीचा पुरवठा ११ केव्हीचा असतो आणि आवारातला ट्रान्सफॉर्मर तो ४३३ व्होल्टवर आणतो. तिथून एखाद्या टॉवरला ८०० अँपिअरची लाइन न्यायची, तर एक केबल पुरत नाही. मग ॲल्युमिनियमच्या दोन-तीन साडेतीन कोअर केबल शेजारी शेजारी टाकतात. भार त्यांच्यात वाटला जातो. इथेच हिशेब चुकतो: भार वाटला, तर अर्थिंगही वाटून घेऊ, असं वाटतं.

फॉल्ट मात्र वाटून येत नाही. तो एकाच केबलमध्ये, एकाच जागी होतो. दोन्ही केबल टोकांना जोडलेल्या असल्यामुळे बिघडलेल्या जागेकडे करंट दोन्ही बाजूंनी धावतो: पॅनेलकडून थेट, आणि दुसऱ्या केबलमधून पलीकडच्या टोकाला वळसा घालून. परतीची वाट मुख्यतः त्याच केबलच्या अर्थिंगची. फॉल्ट पॅनेलजवळ असेल, तर जवळजवळ सगळा करंट त्या एका तुकड्यातून जातो. तो तोडणारा ब्रेकरही दोन्ही केबलना मिळून एकच. तो उघडेपर्यंत त्या अर्थिंगने एकट्याने टिकायला हवं.

आता आकडे. १००० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा करंट सुमारे १३३३ अँपिअर. इम्पिडन्स ५ टक्के धरला, तर फॉल्ट करंट २६ हजारांच्या वर. केबलमधली घट धरून २५ हजार घेऊ. अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ३०४३) जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पट्टीचा स्थिरांक ८०. फॉल्ट एक सेकंद टिकला, तर २५,००० भागिले ८०, म्हणजे सुमारे ३१३ चौरस मिलिमीटर. ५० बाय ६ ची पट्टी ३०० चीच, म्हणजे कमी पडते. ब्रेकर पाव सेकंदात उघडत असेल, तर वेळेच्या वर्गमुळामुळे माप निम्म्यावर, १५६ वर येतं. माप घटतं ते ब्रेकरच्या वेळेमुळे, केबलच्या संख्येमुळे कधीच नाही.

अमेरिकेची विद्युत संहिताही हेच सांगते: समांतर केबल वेगवेगळ्या पाइपांतून नेल्या, तर प्रत्येक पाइपातली अर्थिंगची तार ब्रेकरच्या पूर्ण रेटिंगप्रमाणे हवी. ८०० अँपिअरला ती तांब्याची सुमारे ५३ चौरस मिलिमीटरची.

आपल्या सोसायटीच्या कंत्राटदाराला तीन गोष्टी लेखी मागा: फॉल्ट करंटचा हिशेब, ब्रेकर उघडण्याची वेळ, आणि प्रत्येक केबलसोबतच्या अर्थिंगचं माप. पट्टी केबलला लगटूनच न्यायला सांगा. दूर नेली, तर जाण्याच्या आणि परतीच्या वाटेतलं अंतर वाढतं, त्यामुळे रिॲक्टन्स वाढतो, फॉल्ट करंट घटतो आणि ब्रेकर उशिरा उघडू शकतो. ट्रेमध्ये पट्टी बसवण्याचा खर्च केबलच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि त्या पट्टीवर माणसांचे जीव अवलंबून असतात.

पुढच्या भागात: केबलच्या पोलादी आर्मरवर अर्थिंग म्हणून कितपत विसंबावं?