उसनी हालचाल, नवे पात्र

बंगळूरूमध्ये संगणकीय ॲनिमेशनचा व्यवसाय रुजला तो मुख्यतः परदेशी स्टुडिओंच्या कामावर. टेक्निकलरच्या तेथील स्टुडिओत ड्रीमवर्क्ससाठी स्वतंत्र विभाग होता आणि २०११ च्या ‘पुस इन बूट्स’ या चित्रपटात त्याचा वाटा होता. मालिकांसारख्या मुदतीच्या कामात प्रत्येक पात्राचे चालणे, वळणे, जिना चढणे नव्याने घडवणे परवडत नाही. म्हणून एकदा तयार झालेली हालचाल जपून ठेवून ती दुसऱ्या पात्रावर चढवली जाते, आणि या प्रक्रियेला रिटार्गेटिंग म्हणतात. ही काटकसर संगणकाच्याही आधीची आहे: डिस्नेच्या १९७३ च्या ‘रॉबिन हूड’मधील नृत्यात १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मधील हालचाली पुन्हा गिरवलेल्या दिसतात.

संगणकातील पात्राच्या आत रिग, म्हणजे सांध्यांनी जोडलेला अदृश्य सांगाडा असतो, आणि कोणता सांधा कोणत्या क्षणी किती अंशांनी वळला आणि कंबर कोठे होती याची नोंद म्हणजे हालचाल. उंच माणसाची नोंद बुटक्या पात्राला जशीच्या तशी दिली, तर कंबर जुन्याच उंचीवरून जाते आणि पावले अधांतरी राहतात. कंबर खाली आणूनही पुढे जाण्याचा वेग तोच ठेवला, तर टेकलेले पाऊल जमिनीवरून घसरत जाते. नमस्कारासारखी साधी कृतीही अवघड ठरते, कारण रुंद खांद्यांच्या पात्राचे तळवे जुळतच नाहीत, तर अरुंद खांद्यांच्या पात्राचे एकमेकांच्या आरपार जातात. यक्षगान या लोकनाट्यातील भव्य शिरोभूषण घातलेल्या पात्राने डोक्याकडे हात नेला, तर तो त्या शिरोभूषणातच घुसेल, हे वेगळे सांगायला नको.

या अडचणींवर संगणकशास्त्रज्ञ मायकेल ग्लायशर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, टेकलेले पाऊल किंवा जुळलेले तळवे यांसारख्या न मोडण्याच्या गोष्टी आधी अटी म्हणून ठरवल्या जातात, आणि त्या पाळून मूळ हालचालीत कमीत कमी बदल शोधला जातो. हा शोध एकेका चौकटीपुरता न घेता संपूर्ण हालचालीवर घेतला जातो, कारण सुट्या दुरुस्त्यांनी पात्र झटके देऊ लागते.

मात्र अटी पाळल्या म्हणजे वजन आले असे नाही. सडपातळ माणसाची चाल पहिलवानाला दिली, तर पावले अचूक पडूनही देह पोकळ वाटतो. तेव्हा ॲनिमेटरला पाऊल टेकताना कंबर थोडी अधिक खचवावी लागते, वळण्याला विलंब लावावा लागतो, आणि उसन्या हालचालीने वाचवलेल्या वेळाचा बराच भाग तेथेच खर्ची पडतो.