चार मिलिमीटरची फट

आषाढात मुळशीतल्या लवळ्याच्या शिवारातून टेकडीकडे चढणाऱ्या गाडीवाटेवर माझी जिप्सी अडकली. चिखल म्हणाल तर फारसा नव्हता. पाण्याच्या लोंढ्याने वाटेला तिरपी घळ पाडली होती. पुढचं डावं चाक तिच्यात उतरलं आणि मागचं उजवं वीतभर वर उचललं गेलं. फोर व्हील टाकलं, लो टाकला, ॲक्सिलरेटर दाबला. ज्या दोन चाकांखाली जमीन नव्हती तीच दोन गरगर फिरत राहिली. घट्ट मुरमावर टेकलेली दुसरी दोन जागची हलली नाहीत.

बाजूच्या खाचरात चिखलणी चालली होती. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याने थोडा वेळ पाहिलं आणि बांधावरूनच विचारलं, "डिफलॉक नाय व्हय गाडीला?" मग साखळी लावली, टाचेखालचं पेडल दाबलं आणि मला ओढून काढलं. मुळशीत भात लावणाऱ्याला ते पेडल शिकवावं लागत नाही. एक चाक चिखलात रुतून नुसतं फिरायला लागलं की टाच आपोआप तिकडे जाते.

त्या पेडलाचं काम समजून घ्यायचं तर आधी डिफ्रन्शियल समजायला हवं. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एकाला घसरावंच लागेल. यावरचा उपाय, म्हणजे आज मोटारीत असतो तसा डिफ्रन्शियल, 1827 साली ओनेसिफोर पेकेर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी काढला. लहान दातेरी चाकांची ही जुळणी दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटून देते. गोम याच वाटणीत आहे. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून त्याच्या वाट्याला जवळजवळ शून्य येतो. वाटणी समान असल्यामुळे जमिनीवरच्या भावालाही तेवढंच शून्य मिळतं. डिफलॉक, म्हणजेच लॉकर, ही वाटणी मोडतो. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याला लागेल तेवढा जोर घेऊ देतो.

लॉकर अनेक तऱ्हेचे असतात. मेलबर्नच्या एआरबी कंपनीचा हवेच्या दाबावर चालतो. बटण दाबलं की लॉक, सोडलं की मोकळा. महिंद्राने 2015 च्या थारला मागच्या एक्सलवर आपोआप लागणारा यांत्रिक लॉकर कारखान्यातूनच दिला. माझी जिप्सी किंग 1298 सीसीची आणि पंचविशी ओलांडलेली. मारुतीने 1985 च्या डिसेंबरात जिप्सी आणली, 1996 मध्ये हे मोठं इंजिन आलं. ती मुळात सुझुकीच्या परदेशात गाजलेल्या छोट्या जीपची लांब बहीण. त्यामुळे त्या गाडीसाठी बनणारे साधे यांत्रिक लॉकर हिच्या मागच्या एक्सलच्या गोळ्यात, म्हणजे डिफ्रन्शियलमध्ये, बसू शकतात. त्यांना काँप्रेसर लागत नाही, वायर लागत नाही. कारखान्याची जाळी, म्हणजे दातेरी चाकं धरणारा सांगाडा, तशीच ठेवायची आणि आतली चार दातेरी चाकं काढून त्यांच्या जागी हा बसवायचा. मी तो निवडला. विकत घेतला एका संध्याकाळी. बसवायला तीन दिवस गेले आणि ते तिन्ही दिवस मी मिस्त्रींच्या शेडमध्ये उकिडवा बसून होतो.

शेड लवळ्याच्या रस्त्याला लागूनच आहे. वर टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाच्या इमारती दिसतात, खाली भाताची खाचरं. मिस्त्री साठीचे, हाताखाली त्यांचा भाचा. गाडी घोड्यांवर चढवल्यावर मिस्त्रींनी पहिल्यांदा तेलाचा बोल्ट सोडला. नव्वद नंबरचं तेल काळ्या काकवीसारखं पाटीत उतरलं. त्यांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि उन्हात धरलं. "चमक नाय. दात शाबूत हायेत."

मागचे ड्रम गंजून चिकटले होते. ड्रमलाच दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो, हातोड्याची गरज पडत नाही. एक्सल शाफ्ट मात्र सीलमध्ये अडून बसला. भाच्याने ड्रम उलटा करून नटांवर सैल अडकवला आणि दोन्ही हातांनी बाहेरच्या बाजूला झटके दिले. तिसऱ्या झटक्याला शाफ्ट सुळ्ळकन बाहेर आला. महागडं ओढणारं हत्यार त्या शेडमध्ये नव्हतं आणि त्याची उणीवही भासली नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी मिस्त्रींनी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने एक रेघ मारली, परत बसवताना तीच तोंडं समोरासमोर यावीत म्हणून. मग हाऊसिंगच्या तोंडाचे नट काढले, टामीने कड उचकटली आणि दोघांनी मिळून गोळा बाहेर काढून बाकावर ठेवला.

इथून पुढे शेडमध्ये कुणी फारसं बोललं नाही. बेअरिंगच्या दोन टोप्यांवर पंचने खुणा झाल्या: डावीकडे एक टिंब, उजवीकडे दोन. त्या अदलाबदल झाल्या तर बेअरिंग वाकडं बसतं. बाजूच्या समायोजनाचे नट किती आटे फिरले ते भाच्याने भिंतीवर खडूने लिहिलं. क्राउनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचे, बोल्ट समोरासमोरचे जोडीने सैल केले. मधली आडवी पिन निघाली, मग चार स्टार, म्हणजे आतली लहान दातेरी चाकं, आणि त्यांच्यामागचे वायसर. डिझेलने धुतलेलं सगळं वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं. वायसरांच्या एका अंगाला नखाला लागेल इतकी खाच होती.

लॉकर हातात घेतला तर इतका साधा की विश्वास बसू नये. बाहेरच्या दोन चकत्या एक्सलच्या खाचांत बसतात. आतल्या दोन चकत्यांचे दात त्यांच्यात अडकतात. मध्ये चार बारीक पिना आणि स्प्रिंगा. आतल्या चकत्यांच्या पोटात उतरत्या खाचा असतात आणि त्यांतून ती जुनीच आडवी पिन आरपार जाते. इंजिनाचा जोर आला की पिन या उतारांवर रेटते, चकत्या बाहेर दाबल्या जातात आणि दात घट्ट बसतात. वळणावर बाहेरचं चाक पुढे पळू लागलं की त्या बाजूचे दात एकमेकांवरून कट्-कट् करत सरकतात. चाकाला क्राउनपेक्षा जास्त पळायची मुभा आहे, जोर असताना मागे राहायची नाही. सगळा नियम एवढाच.

सगळं अवलंबून असतं ते आतल्या दोन चकत्यांमधल्या फटीवर. ती साधारण 3.7 ते 4.3 मिलिमीटर हवी. कमी भरली तर वळणावर दात सुटत नाहीत, जास्त भरली तर अर्धेच अडकतात आणि जोराखाली तुटतात. मिस्त्रींनी फिलर गेजच्या पट्ट्या एकावर एक लावून मोजलं. 4.6. पुन्हा मोजलं, तेवढंच. मला वाटलं, तीन दशांशांचा तर प्रश्न आहे. मिस्त्रींनी पट्ट्या पुसून डबीत ठेवल्या आणि म्हणाले, "आज नाय बसायचं." खाच पडलेल्या वायसरांनी तेवढी जागा खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी भाचा मोटारसायकलवर पुण्याला नाना पेठेत गेला, चार दुकानं फिरला आणि जाड वायसर घेऊन दुपारी परतला. आता फट 4.1 भरली. आदल्या संध्याकाळी मी आग्रह धरला असता तर ते कदाचित बसवूनही देते. मी तो धरला नाही याचं मला आजही समाधान आहे.

मग शेंदूर निघाला. खरा शेंदूर, तेलात कालवलेला. क्राउनच्या चार दातांवर ब्रशने लावला, पिनियन हाताने फिरवला. जिथे दात दाताला भेटतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि भेट कुठे झाली ते दिसतं. ठसा टोकाकडे गेला तर आवाज येतो, मुळाकडे गेला तर दात झिजतो. हा दाताच्या मध्यावर उतरला होता, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा. डायल गेजवर क्राउन-पिनियनमधला प्ले मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून जरा जास्त भरला. तेवढा हवाच, तेल शिरायला जागा लागते.

तिसऱ्या दिवशी गाडी अजून घोड्यांवर असताना चाचणी झाली. इंजिन बंद, गिअर टाकलेला. भाच्याने डावं चाक मागे रेटून धरलं, मी उजवं पुढे फिरवलं. कट्, कट्, कट्. मग बाजू बदलली आणि तसाच आवाज आला. मिस्त्री हाऊसिंगला कान लावून ऐकत होते.

गाडी खाली उतरवण्यापूर्वी त्यांनी मागच्या दोन्ही टायरांची हवा मोजली. "मागचे दोन्ही टायर एकाच झिजीचे पायजेत. येक लहान, येक मोठा असला तर हा दिवसभर कटकटत ऱ्हातो." दुसरी गोष्ट त्यांनी ताम्हिणी घाटाचं नाव घेऊन सांगितली. 25 जुलै 2024 च्या नोंदीत तिथे 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस आहे. अशा ओल्या डांबरावर वळणात पाय एकदम दाबला तर दोन्ही मागची चाकं एकदम जोर घेतात आणि हलकी जिप्सी शेपूट टाकते. "वळण सरेस्तोवर पाय हलका ठिवा." हा दोष लॉकरच्या अंगचाच आहे. तो मान्य करूनच लॉकर घ्यावा, आणि ज्यांची गाडी शंभरातले नव्वद दिवस डांबरावर असते त्यांनी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी त्याच घळीवर गेलो. मिस्त्री शेजारी बसले होते. पुढचं डावं चाक उतरलं, मागचं उजवं हवेत गेलं. पण या वेळी ते गरगरलं नाही. मागच्या डाव्या चाकाच्या गतीने, तितक्याच सावकाश फिरत राहिलं आणि डाव्याने मुरूम धरून गाडी वर ढकलली. ॲक्सिलरेटर जवळजवळ दाबावाच लागला नाही. खाचरातला भात तेव्हा पोटरीत आला होता.

वर पोचल्यावर मिस्त्री उतरले, गाडीखाली हात घालून गोळ्याला तळवा लावला. कोमट होता. "पाचशे किलोमीटर झाले की तेल काढून आणा," एवढंच म्हणाले.

पाचशे झाल्यावर आणलं. बोल्टच्या चुंबकावर राखाडी साय जमली होती, पिठासारखी बारीक. मिस्त्रींनी ती बोटांत चोळली, तुकडा लागतो का पाहिलं. लागला नाही. चुंबक पुसला, बोल्ट आवळला आणि भाच्याला नवं तेल ओतायला सांगितलं.