गणिती डेव्हिड ब्लॅकवेल : जीवन आणि कार्य

थोर गणितींची नावे सांगा म्हटले, तर आपल्याकडील विद्यार्थी आर्यभट, भास्कराचार्य आणि रामानुजन ही नावे घेतात व थांबतात. संख्याशास्त्राच्या पदवीधराला मात्र आणखी एक नाव परिचित असते, ते म्हणजे ब्लॅकवेल. ‘राव-ब्लॅकवेल प्रमेय’ परीक्षेसाठी पाठ केलेले असते. पण हे ब्लॅकवेल कोण, हे विचारल्यास उत्तर क्वचितच मिळते. समाजातील होतकरू मुलामुलींना या गणितज्ञाच्या जीवनाची व कार्याची ओळख व्हावी, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

बालपण व शिक्षण

डेव्हिड हॅरोल्ड ब्लॅकवेल यांचा जन्म २४ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सेंट्रालिया या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. चार भावंडांत डेव्हिड थोरले. गावात कृष्णवर्णीयांसाठी निराळ्या शाळाही होत्या; परंतु डेव्हिड यांना सर्व वर्णांच्या मुलांबरोबर शिकण्याची संधी मिळाली. भूमितीने त्यांना गणिताची गोडी लावली. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी इलिनॉय विद्यापीठात प्रवेश घेतला, तो प्राथमिक शिक्षक व्हावे या साध्या उद्देशाने.

पहिल्या वर्षानंतर त्यांच्या कानावर आले की वडील आपल्या शिक्षणासाठी कर्ज काढीत आहेत. त्यांनी वडिलांना पैसे पाठवू नका असे सांगितले आणि भांडी धुणे, पंगतीत वाढणे, प्रयोगशाळेतील उपकरणे साफ करणे अशी कामे करून शिक्षण चालू ठेवले. १९३८ साली पदवी, १९३९ साली पदव्युत्तर पदवी आणि १९४१ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, डॉक्टरेट! त्यांचे मार्गदर्शक होते संभाव्यताशास्त्रातील नामवंत गणिती जोसेफ डूब.

बंद दारे

डॉक्टरेटनंतर रोझेनवाल्ड शिष्यवृत्तीवर ब्लॅकवेल प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेत एक वर्षासाठी गेले. या संस्थेतील अभ्यासकांना शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे मानद सदस्यत्व देण्याचा प्रघात होता. ब्लॅकवेल यांच्या वेळी मात्र विद्यापीठाने हरकत घेतली. हरकतीचे कारण एकच : त्यांचा वर्ण. संस्थेने आपली बाजू सोडली नाही, म्हणून सदस्यत्व मिळाले. पडद्यामागे एवढा वाद झाला, हे खुद्द ब्लॅकवेल यांना नंतर कळले.

१९४२ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक नेमन यांनी त्यांची मुलाखत घेतली. नेमन यांना ते पसंत होते; परंतु तेथेही वर्ण आड आला आणि नेमणूक झाली नाही. ब्लॅकवेल यांनी कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शंभराहून अधिक महाविद्यालयांना अर्ज पाठविले. मोठ्या विद्यापीठात आपल्याला जागा मिळेल, हा विचारही त्या काळी आपल्या मनात येत नव्हता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. भेदभावाचा खरा घाव येथे दिसतो. दार बंद असते एवढेच नव्हे, तर त्या दारापर्यंत जाण्याची कल्पनाच माणसाच्या मनातून पुसली जाते. जातिभेदाचा अनुभव घेतलेल्या आपल्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको.

तीन ठिकाणांहून बोलावणे आले. बॅटन रूज येथील सदर्न विद्यापीठ आणि अटलांटा येथील क्लार्क महाविद्यालय येथे एकेक वर्ष शिकवून ते १९४४ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आले. तेथे ते दहा वर्षे राहिले. शिकविण्याचा भार मोठा असूनही संशोधन थांबले नाही. १९४७ पासून ते विभागप्रमुखही होते.

या काळातील एक प्रसंग विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. संख्याशास्त्रज्ञ गर्शिक यांचे एक व्याख्यान ऐकून ब्लॅकवेल यांना त्यातील एका विधानाविषयी शंका आली. त्यांनी त्या विधानाविरुद्ध एक उदाहरण रचून गर्शिक यांना पाठविले. ते उदाहरण चुकीचे निघाले. पण गर्शिक यांनी या तरुणाला हिणविले नाही. उलट भेटीस बोलावले. त्या भेटीतून दीर्घ सहकार्य जन्मास आले व १९५४ साली खेळांचा सिद्धान्त आणि संख्याशास्त्रीय निर्णय या विषयावर दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

राव-ब्लॅकवेल प्रमेय म्हणजे काय?

समजा, शेतकऱ्याला ज्वारीच्या बियाण्याची उगवणशक्ती जाणून घ्यावयाची आहे. त्याने दहा दाणे पेरले व सात उगवले. एखादा घाईचा माणस पहिलाच दाणा पाहील. तो उगवला तर ‘शंभर टक्के’ म्हणेल, न उगवला तर ‘शून्य’ म्हणेल. हा अंदाज सरासरीने चुकीचा नाही, पण फार हेलकावे खाणारा आहे. आता विचार करा. उगवणशक्तीविषयी जी माहिती आहे ती सगळी ‘दहांपैकी सात’ या बेरजेत आली आहे. कोणता दाणा आधी मोजला, या क्रमात काहीच अधिक माहिती नाही. सात उगवलेल्या दाण्यांचे जितके क्रम संभवतात, त्या सर्वांवर घाईच्या माणसाच्या अंदाजाची सरासरी काढली, तर उत्तर येते सात दशांश, म्हणजे सत्तर टक्के. कच्च्या अंदाजापासून चांगला अंदाज मिळाला!

प्रमेय सांगते ते हेच. ज्या आकड्यात सर्व उपयुक्त माहिती सामावली आहे तो आकडा धरून कच्च्या अंदाजाची सरासरी काढावी. नवा अंदाज जुन्यापेक्षा कधीही वाईट ठरत नाही, बहुधा सुधारतोच. हा विचार प्रथम आपल्या देशातील सी. आर. राव यांनी कलकत्त्यात काम करीत असता १९४५ साली मांडला. ब्लॅकवेल यांनी १९४७ साली स्वतंत्रपणे तो शोधून काढला. एक वसाहतीच्या राजवटीतील तरुण, दुसरा वर्णभेदाच्या देशातील तरुण. दोघांची नावे गणिताने कायमची जोडली.

ब्लॅकवेल यांनी द्वंद्वयुद्धाचेही गणित केले. दोन प्रतिस्पर्धी एकेक गोळी घेऊन परस्परांकडे चालत येतात. लवकर झाडावी तर नेम चुकेल. वाट पाहावी तर समोरचा आधी झाडेल. दोघांची नेमबाजी सारखी असेल आणि गोळीचा आवाज ऐकू येत असेल, तर नेम लागण्याची शक्यता निम्मी होताच गोळी झाडावी, असे गणित सांगते. कारण आपला नेम चुकला तर समोरचा निर्धास्तपणे जवळ येऊन नेम साधणार.

मान्यता

काळ बदलला. ज्या बर्कलेने १९४२ साली दार लावले, तेथेच १९५४ साली त्यांना बोलावणे आले व १९५५ साली ते प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेले ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी ठरले. साठाहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविली. १९८८ साली ते निवृत्त झाले आणि ८ जुलै २०१० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मरणोत्तर राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना २०१४ साली देण्यात आले. बर्कलेमध्ये २०१८ साली उघडलेल्या एका विद्यार्थी वसतिगृहाला त्यांचे नाव आहे. २०२४ साली एनव्हिडिया कंपनीने आपल्या संगणक-चिपच्या नव्या पिढीलाही तेच नाव दिले.

आपल्याला संशोधन करण्यात रस नाही, समजून घेण्यात रस आहे, असे ते म्हणत. आमच्या विद्यार्थी मित्रांनी हे मनावर घ्यावे. गुण पाठांतराने मिळतात, समज मात्र शंका विचारल्याने येते. आणि आमच्या सभासदांनी दुसरी गोष्ट ध्यानी घ्यावी : ब्लॅकवेल यांच्या बुद्धीला एका शिष्यवृत्तीचा आणि एका संस्थेच्या ठाम भूमिकेचा आधार मिळाला. बुद्धी कोणत्याही वस्तीत जन्म घेते. तिला पुस्तक, शुल्क आणि दोन वर्षांची उसंत पुरविणे हे समाजाचे काम आहे. दारे आपोआप उघडत नाहीत, ती उघडावी लागतात.