हृदय एक पंप, धमन्या म्हणजे नळ्या: इंजिनिअरच्या नजरेतून रक्तदाब समजून घेऊ या

बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी हृदयाचा अभ्यास करताना कोणत्याही पंपाबद्दल विचारावेत असे प्रश्न विचारतात. पंप मिनिटाला किती लिटर ढकलतो? किती दाबाने? नळ्या किती रुंद आहेत? दाबावर लक्ष कोण ठेवतं? रुग्ण आणि नातेवाईक आम्हाला जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं याच विचारातून मिळतात.

पंपाचा हिशोब

आराम करत असताना हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि दिवसाला ७,००० लिटरहून जास्त रक्त पुढे जातं. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या, रोज.

"मला बीपीच्या दोन गोळ्या कशाला?"

नळ्यांच्या जाळ्याचा एक साधा नियम आहे: दाब म्हणजे प्रवाह गुणिले अडथळा. पंप जास्त रक्त ढकलू लागला किंवा नळ्या आवळल्या, की दाब वाढतो. गोळ्याही याच समीकरणाच्या वेगवेगळ्या भागांवर काम करतात. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारी गोळी नळ्यांमधला द्रव कमी करते. अॅम्लोडिपिनसारखी गोळी रक्तवाहिन्या सैल करून अडथळा कमी करते. बीटा ब्लॉकर गटातली गोळी हृदयाची गती आणि जोर कमी करते. एकाच गोळीचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन ठिकाणी थोडं थोडं काम करणं अनेकदा जास्त उपयोगी पडतं. म्हणून "दोन गोळ्या म्हणजे आजार बळावला" असं समजू नका.

"जिना चढतानाच छाती का भरून येते?"

झाँ प्वाझय या फ्रेंच डॉक्टरांनी १८४० च्या दशकात बारीक नळ्यांमधल्या प्रवाहाचा नियम मांडला. दाब तेवढाच असेल, तर नळीची रुंदी निम्मी झाल्यावर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्साच उरतो. रुंदी २० टक्के कमी झाली, तरी प्रवाह निम्म्याहून खाली येतो.

मग ब्लॉकेज असलेल्या माणसाला लगेच त्रास का होत नाही? कारण एक तर हा नियम लांब, सरळ नळीसाठी आहे आणि ब्लॉकेज बहुधा थोड्याच लांबीचं असतं. शिवाय पुढच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन तूट भरून काढतात. हृदयाच्या धमनीचा व्यास साधारण ७० टक्के अरुंद झाला, तरी बसल्या जागी पुरेसं रक्त मिळू शकतं. जिना चढताना मात्र हृदयाला जास्त रक्त हवं असतं आणि ही राखीव ताकद तोपर्यंत वापरून झालेली असते. म्हणून श्रमाने छाती भरून येणं आणि थांबल्यावर बरं वाटणं हे दुर्लक्ष करण्यासारखं लक्षण नाही.

"मला काहीच त्रास नाही, मग गोळी कशाला?"

पंपाला नियंत्रक असतो, तसे मानेतल्या धमन्यांमध्ये आणि महाधमनीत दाब मोजणारे सेन्सर असतात. आपण झटकन उभे राहिलो की रक्त पायांकडे जातं आणि दाब घसरतो. हे सेन्सर काही सेकंदांत मेंदूला खबर देतात, हृदय वेगाने धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब सावरतो. वाढत्या वयात किंवा काही गोळ्यांमुळे ही यंत्रणा मंदावते, म्हणून उठताना चक्कर येऊ शकते.

पण या यंत्रणेची एक मर्यादा आहे. रक्तदाब बराच काळ वाढलेला राहिला, की सेन्सर त्या वाढलेल्या दाबालाच 'नॉर्मल' मानू लागतात. त्यामुळे शरीर तक्रार करत नाही. दरम्यान जास्त दाबाविरुद्ध काम करून हृदयाची भिंत जाड होते, मेंदू आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्रास नसणं म्हणजे रक्तदाब ठीक असणं नव्हे. ते फक्त मोजूनच कळतं.

शरीर म्हणजे लोखंडी पाइप नव्हे

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी पुढे हेही शिकतात की धमनी जिवंत असते. 'फक्त ४० टक्के ब्लॉकेज' ऐकून अनेक जण निर्धास्त होतात. पण धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर फाटला, तर त्यावर रक्ताची गुठळी होऊन धमनी काही मिनिटांत बंद पडू शकते. हे कमी अरुंद जागीही घडतं. स्टॅटिन गटातल्या गोळ्या कोलेस्टेरॉल कमी करतात, तसाच हा थर स्थिरही करतात. म्हणून स्टेंटची गरज नसली, तरी औषधांची गरज असू शकते.

लक्षात ठेवा

- रक्तदाब मोजण्यापूर्वी ५ मिनिटं शांत बसा. मोजमापांची नोंद तपासणीला सोबत आणा.
- आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, बहुधा तो गोळीमुळेच नॉर्मल आहे. बीटा ब्लॉकर अचानक थांबवणं धोक्याचं ठरू शकतं.
- अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर कडेला बसा. चक्कर वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.
- श्रमाने छातीत दुखणं नव्याने सुरू झालं असेल, तर लवकरात लवकर तपासणी करून घ्या.
- आराम करतानाही छातीत दुखत असेल, घाम किंवा दम लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा एका बाजूची ताकद गेली असेल, तर वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.